उजेड आणि ओढ

मराठी समीक्षेच्या भाषेत ‘स्वयंप्रकाशी’ आणि ‘परप्रकाशी’ हे दोन शब्द इतके रुळले आहेत, की ती रूपके आहेत याचाच आपल्याला विसर पडला आहे. एखादा कवी स्वयंप्रकाशी तारा ठरतो, त्याच्या मागून येणारे त्याचे ग्रह-उपग्रह ठरतात. अनुवाद, भाष्य, टीका, रूपांतर हे सारे परप्रकाशी म्हणून एका बाजूला काढले जाते. प्रबंधाचा विषय निवडताना, अभ्यासपत्रिकेत कोणाला किती जागा द्यायची हे ठरवताना ही विभागणी निमूटपणे आपले काम करीत असते. कोणी तिचे समर्थन मागत नाही, कारण ती निसर्गातूनच आल्यासारखी वाटते. तारा तो तारा आणि चंद्र तो चंद्र, यात वाद कसला?

वाद आहे, आणि तो निसर्गाच्याच बाजूने आहे. ज्या आकाशातून आपण हे रूपक उचलले, त्या आकाशात तारा, ग्रह आणि उपग्रह यांच्यातील भेद उजेडाने ठरत नाही. तो वस्तुमानाने आणि ओढीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरतो. हा भेद नीट समजून घेतला, तर ‘उपग्रह’ असणे म्हणजे दुय्यम असणे हे आपले गृहीतही फार काळ उभे राहत नाही, असे मला वाटते.

आधी भाषेकडे पाहू. मराठीत चंद्राचा प्रकाश ते चांदणे, आणि आकाशातला बारीक लुकलुकणारा ठिपका ती चांदणी. म्हणजे ताऱ्याचे आपले घरगुती नावसुद्धा चंद्राच्याच घरातले आहे. सूर्यास्तानंतर पश्चिमेला झळकणाऱ्या शुक्राला आपण ‘शुक्राची चांदणी’ म्हणतो. तो ग्रह आहे हे ठाऊक असूनही म्हणतो. लोकभाषेने आकाशाची वाटणी उजेडावरून केली आहे: मोठा, शांत उजेड तो चंद्र, लहान, थरथरता उजेड ती चांदणी. संस्कृतातल्या ‘ग्रह’ शब्दामागे दुसरी कल्पना आहे. ग्रह म्हणजे पकडणारा. ‘ग्रहण’ हा शब्द त्याच धातूचा. नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, आणि ज्यांना स्वतःचा देहच नाही असे राहू-केतूही आहेत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदतो, ते हे दोन बिंदू. ग्रीकांनी ‘भटक्या’ या अर्थाचा शब्द वापरला. स्थिर ताऱ्यांमधून जे फिरताना दिसतात ते सारे भटके, त्यांत सूर्य आणि चंद्रही आले. यांतली कोणतीही वाटणी चुकीची म्हणता येणार नाही. ती पृथ्वीवर उभे राहून डोळ्यांनी केलेली वाटणी आहे एवढेच.

परंतु उजेड हा निकष किती दगा देतो, याची साक्ष खुद्द आर्यभटाच्या ग्रंथात मिळते. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त चंद्र आणि ग्रह सूर्याच्या प्रकाशाने उजळतात हे स्पष्ट सांगितले आहे, ग्रहणाचे कारण छाया हेही सांगितले आहे. मात्र त्याच ओघात ताऱ्यांचे गोलही सूर्याकडील अर्ध्या भागातच उजळलेले मानले आहेत. म्हणजे इतक्या प्रखर बुद्धीच्या गणितज्ञालाही केवळ उजेडाच्या आधारे तारा आणि ग्रह वेगळे करता आले नाहीत. तो दोष आर्यभटाचा नव्हे, निकषाचा आहे. आजही पाहा: सूर्याला सर्वांत जवळ असलेला तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि परप्रकाशी शुक्र रात्रीच्या आकाशात चंद्राखालोखाल तेजस्वी असतो. ज्या चंद्रावर आपण एवढे काव्य रचले, त्याचा पृष्ठभाग तर काळपट आहे. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सरासरी सुमारे १२ टक्केच तो परत पाठवतो. पौर्णिमेचा शुभ्र चंद्र हा काळ्या आकाशाच्या शेजारामुळे शुभ्र भासणारा एक काळसर खडक आहे.

मग तारा कशाने तारा होतो? वायू आणि धूळ यांचा एक विशाल मेघ स्वतःच्याच ओढीने आत कोसळू लागतो. कोसळताना दाबला जातो, दाबला जाताना तापतो. गोळा झालेले वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.०८ पटींहून अधिक असेल, तर गाभ्यातील तापमान आणि दाब एवढे वाढतात की हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे मीलन होऊन हेलियम बनू लागतो आणि ते मीलन टिकून राहते. सूर्याच्या गाभ्यात हे तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सियस आहे. आत खेचणारी ओढ आणि बाहेर रेटणारा तप्त द्रव्याचा दाब यांचा तोल जोवर राहतो, तोवर तारा तारा म्हणून जगतो. त्याचा उजेड हे या तोलाचे फळ आहे. कारण आहे ते वस्तुमान. गुरू आपल्या सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह, आणि त्याच्यातही मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमच आहेत. द्रव्य ताऱ्याचेच आहे. पण तारा व्हायला असे सुमारे ऐंशी गुरू एकत्र यावे लागतील. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात तपकिरी बटू नावाचे गोल आहेत. १९९५ साली त्यांचे अस्तित्व निर्विवादपणे सिद्ध झाले. ते मंद धुमसतात, थोडा स्वतःचा उजेडही देतात. तरी त्यांना तारा म्हणत नाहीत. ‘स्वयंप्रकाशी तो तारा’ ही व्याख्या या ठिकाणी कोलमडते.

येथपर्यंतचा भेद अंगभूत गुणाचा आहे: वस्तुमान किती, यावर तारा की ग्रह हे ठरते. ग्रह आणि उपग्रह यांच्यातला भेद मात्र निराळ्या जातीचा आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने खरे लक्ष द्यावे ते येथे.

७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूजवळ तीन लहान तारे पाहिले. काही दिवसांत चौथा दिसला. ते गुरूभोवती फिरतात हे त्याच्या ध्यानात आले, तरी त्यांना काय म्हणावे यासाठी शब्द नव्हता. आपल्या आश्रयदात्या घराण्याचे नाव देऊन त्याने त्यांना ‘मेदिची तारे’ म्हटले. पुढच्याच वर्षी केप्लरने त्यांच्यासाठी एक लॅटिन शब्द वापरला, ज्याचा अर्थ होतो अंगरक्षक, धन्याच्या मागेपुढे राहणारा हुजऱ्या. त्याच शब्दापासून इंग्रजीतला ‘सॅटेलाइट’ आला. युरोपच्या डोळ्यांना तेथे दरबार दिसला: मधोमध धनी, भोवती सेवक.

आपल्या ‘उपग्रह’ शब्दातला ‘उप’ आपणही बहुधा याच दरबारी अर्थाने वाचतो. उपसंपादक, उपप्राचार्य, उपनायक या शब्दांनी आपला कान तसा तयार केला आहे. पण ‘उप’ या उपसर्गाचा मूळ अर्थ ‘जवळ’ असा आहे. उपासना म्हणजे जवळ बसणे. उपनयन म्हणजे गुरूच्या जवळ नेणे. उपनिषदातला ‘उप’ही तोच. दुय्यमपणाचा अर्थही संस्कृतात आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु आकाशातल्या वस्तुस्थितीला त्यांपैकी कोणता अर्थ अधिक जुळतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

तपासू. गुरूचा उपग्रह गॅनिमीड याचा व्यास सुमारे ५,२६८ किलोमीटर आहे, तर बुध या ग्रहाचा ४,८७९. शनीचा उपग्रह टायटन हाही व्यासाने बुधाहून मोठा आहे, आणि त्याला पृथ्वीपेक्षा दाट वातावरण आहे. बुधाला वातावरण म्हणावे असे काहीच नाही. (वस्तुमानात मात्र बुध दोघांनाही मागे टाकतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) उलट टोकाला, इडा नावाच्या लघुग्रहाभोवती फिरणारा डॅक्टिल जेमतेम दीड किलोमीटरचा आहे, आणि तोही उपग्रहच. २०२५ च्या मार्चमध्ये शनीच्या ज्ञात उपग्रहांची संख्या २७४ वर गेली. त्यांतले बहुतेक काही किलोमीटरांचे वेडेवाकडे खडक आहेत. तेव्हा उपग्रह असण्याचा आकाराशी संबंध नाही, घडणीशी नाही, वातावरणाशी नाही. गॅनिमीड उद्या गुरूपासून सुटून स्वतंत्रपणे सूर्याभोवती फिरू लागला आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याच्या ताब्यात असला, तर त्याच्यात कणभरही बदल न होता त्याला ग्रह म्हणावे लागेल. ‘उपग्रह’ ही पदवी किंवा पायरी नाही. तो पत्ता आहे. तो कोणाजवळ आहे, एवढेच तो शब्द सांगतो.

ही जवळीक म्हणजे नेमके काय, हे न्यूटनने चंद्राच्याच उदाहरणाने दाखवले. झाडावरून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण साठ पट दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असेल, तर चंद्रावर ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी कमी असली पाहिजे, आणि चंद्र दर सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे ‘पडला’ पाहिजे. तो तसाच पडतो. पण त्याच सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर आडवाही सरकतो, म्हणून पडता पडता चुकतो आणि फिरत राहतो. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’तली ही मांडणी माणसाच्या विचारातली मोठी घटना होती, कारण तिने फळाचे पडणे आणि चंद्राचे फिरणे एकाच नियमात बसवले. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायात म्हटले होते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. मात्र पृथ्वीची ओढ म्हणजे न्यूटनचा विश्वव्यापी नियम नव्हे. भास्कराचार्यांचे मोठेपण तेवढ्यासाठी फुगवण्याची गरज नाही.

आता एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट. चंद्रावर पृथ्वीची जेवढी ओढ आहे, त्याच्या दुपटीहून अधिक ओढ सूर्याची आहे. मग सूर्य त्याला हिरावून का नेत नाही? कारण सूर्य पृथ्वीलाही जवळजवळ तितक्याच त्वरणाने ओढत असतो. दोघेही सूर्याकडे मिळून ‘पडत’ असतात, आणि त्या समान पडण्यात पृथ्वी-चंद्रातले आपापसातले बंधन अबाधित राहते. पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरांच्या आत हे बंधन टिकू शकते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरांवर, म्हणजे पुष्कळच आत आहे. याचा अर्थ असा, की ओढीचे बळ कोणाचे अधिक यावर उपग्रहपण ठरत नाही. कोण कोणाबरोबर पडतो आहे यावर ते ठरते.

शिवाय ओढ एकतर्फी नसते. पृथ्वी चंद्राला जेवढ्या बळाने खेचते, तेवढ्याच बळाने चंद्र पृथ्वीला खेचतो. दोघेही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. तो पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटरांवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर असल्याने तो पृथ्वीच्या पोटातच राहतो, आणि म्हणून पृथ्वी स्थिर व चंद्र फिरता असा भास टिकतो. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा येणारी भरती हा त्या परस्पर ओढीचा पुरावा आहे. भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे फिरणे किंचित मंदावते आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर किरण सोडून हे मोजता आले आहे. प्लूटो आणि शॅरन यांच्या बाबतीत तर सामाईक बिंदू प्लूटोच्या बाहेर, मधल्या पोकळीत पडतो. तेथे कोण कोणाचा उपग्रह, हा प्रश्नच अवघडतो.

ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली, तेव्हा पहिल्या मसुद्यात याच कारणासाठी शॅरनलाही ग्रह मानण्याची सूचना होती. ती टिकली नाही. २४ ऑगस्टला संमत झालेल्या व्याख्येनुसार आपल्या सूर्यमालेतला ग्रह सूर्याभोवती फिरणारा हवा, स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला हवा आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला हवा. तिसऱ्या अटीवर प्लूटो अडला आणि बटुग्रह झाला. त्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. जणू एखाद्याची पदावनती झाली. त्या गदारोळात दोन गोष्टी दुर्लक्षित राहिल्या. एक, तिन्ही अटी या ना त्या रूपाने गुरुत्वाच्या आहेत. उजेडाचा त्यांत उल्लेखही नाही. दोन, ‘उपग्रह’ कशाला म्हणावे याची अधिकृत व्याख्या तेव्हाही झाली नाही आणि अजूनही झालेली नाही. संबंधाची व्याख्या करणे गुणाच्या व्याख्येपेक्षा कठीण असते, हे शास्त्रज्ञांनाही चुकलेले नाही.

शेवटचा दाखला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उपग्रह म्हणजे थिजलेला, निर्जीव, उसन्या उजेडावर जगणारा गोल, हे चित्र १९७९ साली मोडले. गुरूचा उपग्रह आयो हा एका बाजूने गुरूच्या आणि दुसऱ्या बाजूने युरोपा व गॅनिमीड या भावंडांच्या ओढीत सापडलेला आहे. या ताणात त्याचा देह सतत मळला जातो आणि आतून तापतो. त्याच्या पोटात वितळलेला खडक असावा, असे भाकीत तीन शास्त्रज्ञांनी त्या वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध केले, आणि काही दिवसांतच व्हॉयेजर-१ च्या छायाचित्रांत त्याचे जागृत ज्वालामुखी दिसले. सूर्यमालेत त्याच्याइतका ज्वालामुखींनी धगधगणारा दुसरा गोल नाही. शनीच्या एन्सेलॅडसवरून उसळणारे पाण्याचे फवारे २००५ साली कॅसिनी यानाने टिपले. तेथेही उष्णता ओढाताणीचीच आहे. ही ऊब सूर्याने दिलेली नाही. ती जवळ असण्यातून, बांधलेले असण्यातून निर्माण झाली आहे. एकटा, स्वतंत्र फिरता तर आयो केव्हाच थंड पडला असता.

आता पुन्हा आपल्या वर्गाकडे येऊ. ‘परप्रकाशी’ म्हणून आपण ज्यांना बाजूला सारतो, त्या अनुवादांकडे आणि भाष्यांकडे या ज्ञानाने पाहिले तर काय दिसते? ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे. पत्त्याने ती गीतेजवळची आहे. पण तिची ऊब गीतेचा नुसता परावर्तित उजेड आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आपल्या परंपरेने तर उजेडाचे रूपक नेमके उलटे वापरले होते. ज्ञानेश्वरीचे नाव ‘भावार्थदीपिका’. पाणिनीच्या सूत्रांची नव्याने मांडणी करून त्यांचा अर्थ लावणाऱ्या भट्टोजी दीक्षितांच्या ग्रंथाचे नाव ‘सिद्धान्तकौमुदी’, आणि कौमुदी म्हणजे चांदणे. दीपिका, प्रदीप, प्रकाश, चंद्रिका ही टीकाग्रंथांची नावे पाहावीत. जुन्यांच्या मते मूळ ग्रंथ अंधारात असतो आणि टीका त्याच्यावर उजेड पाडते. परप्रकाशी कोण, याचे उत्तर त्यांनी आपल्यापेक्षा निराळे दिले होते. महाभारतातली नल-दमयंतीची आणि सावित्रीची कथा ही उपाख्यानेच; त्यांतला ‘उप’ दुय्यमपणा दाखवतो की जवळीक, हे ज्याने त्याने वाचून ठरवावे.

ओढ परस्पर असते, हेही आपण वाङ्मयाच्या इतिहासात अनुभवले आहे. दिलीप चित्रे यांनी तुकारामाचे अभंग इंग्रजीत नेले, तेव्हा तुकाराम केवळ बाहेर गेला नाही. आपल्याकडचा तुकाराम वाचण्याची रीतही त्यामुळे थोडी हलली. सामाईक बिंदू तुकारामाच्या पोटातच राहिला हे खरे, पण तो केंद्रापासून सरकला. एलियटने १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नवी कृती आधीच्या साऱ्या कृतींची मांडणी बदलते असे म्हटले होते. ते या चित्राशी जुळणारे आहे. ‘प्रभाव’ या नावाखाली आपण जो अभ्यास करतो, तो बहुधा एकाच दिशेने चालतो: मोठ्याकडून लहानाकडे. भरती मोजायचे आपण विसरतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. रूपकाला भौतिकशास्त्राचे नियम लावण्याचे कारण काय? कवीने चंद्राला शुभ्र म्हटले, म्हणून त्याला १२ टक्क्यांचा हिशेब कोणी विचारू नये. मान्य. कवीला नाहीच विचारायचा. कवीचे रूपक एका कवितेपुरते जगते आणि तेथे त्याला पूर्ण मुभा आहे. समीक्षकाचे रूपक मात्र निवाडा करते. कोणावर संशोधन व्हावे, मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव यावे की न यावे, कोणता ग्रंथ ‘मूळ’ म्हणून शिकवावा आणि कोणता ‘पूरक वाचना’च्या यादीत टाकावा, हे ते ठरवते. ज्या रूपकाच्या आधारे माणसांच्या कामाची किंमत होते, त्या रूपकाचा आधार खरा आहे की नाही, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे. तो विचारला गेला की ‘परप्रकाशी’ या शब्दाला उत्तर देता येत नाही.

उजेडाच्या जागी आता ओढीचे रूपक बसवा, असे माझे म्हणणे नाही. तेही चार वर्षांत गुळगुळीत होईल, आणि ‘गुरुत्व’ शब्दातल्या ‘गुरु’ला नमस्कार करून आपण पुन्हा दरबार भरवू. माझी अपेक्षा त्याहून लहान आहे. एखाद्या कृतीला दुय्यम म्हणण्यापूर्वी तीन साधे प्रश्न वेगवेगळे विचारावेत: तिचे स्वतःचे वजन किती? ती कोणाजवळ आहे? आणि त्या जवळीकीने दोघांतही काय बदलले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात शोधू नये. खगोलशास्त्राला हे तीन प्रश्न वेगळे करायला फार मोठा काळ लागला. आपल्याला तेवढा लागण्याचे कारण नाही. अनुवादावर प्रबंध लिहू इच्छिणारी विद्यार्थिनी पुढच्या जूनमध्ये दारात उभी राहील, तेव्हा तिला काय सांगायचे हे तोवर आपण ठरवलेले असावे.